खांब का धरतात

बारा वर्षं मी खो-खो शिकवला आकड्यांवर.
एक, डावा पाय खांबाशी.
दोन, हात.
तीन, वळा.
चार म्हणायच्या आत शिट्टी.
तोंडवळीच्या शाळेमागचं जांभ्याचं मैदान,
पलीकडे सुरूचं बन, मग समुद्र,
आणि चाळीस पोरं एका दमात वळणारी.
तपासणीचे साहेब खूश होऊन जायचे.

सामन्यात आकडे म्हणायला कोणी नसायचं.
आचऱ्याच्या मुली वळून निघूनही गेल्या,
आमच्या मुली खांबाला मिठी मारून उभ्या.

सहामाहीला मी प्रश्न घातला होता:
वळताना खांब का धरतात? गुण दोन.
सदतीस जणांनी लिहिलं,
सर सांगतात म्हणून.
मी सदतीस जणांना दोन-दोन गुण दिले.

मग नोव्हेंबरात माझा घसा बसला.
शिट्टीतही वाळू जाऊन मणी अडकलेला.
खांबाशी उभा राहून मी हातानंच विचारलं, कसं?
पोरं एकमेकांकडे बघायला लागली.
हेमांगी कुबल पुढे आली, आठवी ब,
कवायतीत कायम अर्धा आकडा मागे.
तिनं खांब धरला आणि अंग इतकं बाहेर सोडलं
की मी धरायला धावलो.
"रापणीची दोरी वडताना आंग मागे टाकूक व्हया, सर.
नायतर दोरीच आपणाक वडता."
एवढं बोलून ती वळलीसुद्धा.
खांब करकरला.

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग किनाऱ्यावर नेला.
रापण येत होती. टाचा वाळूत,
माणसं आकाशाकडे कललेली.
मी काही समजावलं नाही,
मला तरी कुठे माहीत होतं.
इनास लोबोनं विचारलं, जड माणसं शेवटी का?
म्हटलं, बघ. तो तासभर बघत बसला.

सगळ्यांना जमलं असं नाही.
दत्ताराम मेस्त्री अजून म्हणतो, माका आकडे सांगा.
त्याच्यापुरतं मी हळूच म्हणतो, एक, दोन.

वार्षिकला तोच प्रश्न पुन्हा घातला.
कोणी लिहिलं, वेग वाया जाऊ नये म्हणून.
कोणी, पडता पडता न पडण्यासाठी.
चौघांनी अजूनही, सर सांगतात म्हणून.
हेमांगीनं एक अक्षर लिहिलं नाही.
एक उभी रेघ, एक तिरकी रेघ,
मध्ये दोन्हींना धरून ठेवणारा हात.

तो पेपर माझ्या कपाटात आहे,
गुणांची चौकट रिकामी.
नमुना उत्तरपत्रिकेत म्हटलंय,
उत्तर एका वाक्यात अपेक्षित.