डाव्या पायाची चप्पल

वेदीची वस्त्रं मी धुते. एकतीस वर्षं झाली.
द्राक्षरसाचा डाग आधी थंड पाण्यात,
मग लिंबू, मग ऊन.
पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही,
मातीला द्यायचं. मी अनंताच्या झाडाला घालते.

डाग मला कळतात.
तेव्हा कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

गुरुवार होता. इगर्जीत गाण्याची तालीम संपलेली.
बस्त्याव मास्तर पायपेटी बंद करत होते, शीळ घालत.
आणि माळ्यावरून नातालीन उतरली,
अकरा वर्षांची,
एका पायात चप्पल, एक पाय उघडा,
पायरीपायरीवर थांबत,
जिना आजच नवीन बांधल्यासारखी.

माझ्या हातात कोळशाची इस्त्री होती.
मी मान खाली घातली.
कापड जळेल म्हणून.

रात्री तिची आई आली, दारातच उभी राहिली.
मी म्हटलं, गप ऱव गो फिदेलीस,
मास्तर देवमाणूस. नाव पोरीचाच जायत.
आणि वर म्हटलं, क्षमा कर,
प्रभूनं नाय केली?

जशी क्षमा माझ्याच डब्यातली होती,
वाटीभर उसनी द्यायला.

चप्पल मला पायपेटीमागे सापडली.
निळी, रबराची, बक्कल तुटलेलं.
टाकवली नाही.
पेटाऱ्यात ठेवली, पांढऱ्या वस्त्रांच्या तळाशी, कापरासोबत.
त्यावरून सव्वीस ईस्टर गेले.
मास्तर वारले, सभागृहात फोटो लागला,
प्लास्टिकच्या हाराची धूळही मीच पुसते.

पापनिवेदनाला दर महिन्याला जायचे.
सांगायचे, राग आला, शेजारणीच्या माडाचा नारळ उचलला.
जाळीपलीकडून फादर मोकळं करायचे
आणि मी बाहेर यायचे, तेवढीच जड.

शुक्रवारी नातालीन आली. कुवेतला नर्स असते.
मी तिसऱ्या भिजत घातल्या होत्या, मोचेमाडच्या खाडीतल्या.
पाटावर बसून ती परातीत बघत राहिली.
अजून मिठाच्या पाण्यात ठेवतेस?
म्हटलं, गोड्यात तोंड उघडत नाहीत.
खारं लागतं, आणि काळोख.
मग आपणहून वाळू सोडतात.
घाई केली की दातात येते.

मी उठले. पेटारा उघडला.
चप्पल तिच्यापुढे जमिनीवर ठेवली.
माका ठावक होता, म्हटलं. मी बघलंय.
माफी मागितली नाही.
तो शब्द एकदा वापरून मी मळवला आहे.

तिनं ती उचलून तळहातावर घेतली. हाताएवढीच होती.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली,
रविवारी सभेत सांगशील? हेच? उभी राहून?

रात्रभर परातीत बारीक आवाज येत होता.
मला वाटत राहिलं,
तो उठला तेव्हा जखमा पुसून आला नव्हता.
दाखवल्या. बोट घाल म्हणाला.
आम्हीच दरवर्षी उपासाच्या दिवसांत
त्याच्यावर जांभळं कापड टाकतो,
माझ्या हातचं, कडक इस्त्रीचं.

आज मिस्सा संपली. पंखे फिरतायत.
नातालीन दाराजवळ बसली आहे,
कधीही निघता यावं म्हणून.
फादर विचारतात, आणखी कोणाला काही?
गुडघे दुखतात माझे.
समोरचा बाक धरते.