माझ्या मागे आपण पाहू शकता

एकतीस वर्षं मी हे वाक्य म्हटलं.
माझ्या मागे आपण पाहू शकता:
पूर, जळालेली गिरणी, कोसळलेला पूल,
शपथविधीचा मांडव,
एकदा नुसतंच एक बंद फाटक, सलग पाच तास.
माझ्या मागे सगळं होतं.
मी बघत होते
इक्बालच्या कॅमेऱ्यावरचा तांबडा ठिपका.

आता हर्णैला खोली घेतली आहे, बंदराच्या वर.
भाडं कमी, कारण खिडकीतून वास.
डावा कान अजून रिकामा राहत नाही,
त्यात कुणीतरी म्हणतं, ताई, वीस सेकंद.
मग मी चहा घोटात संपवते,
दूधवाल्याशी बोलतानासुद्धा
शेवटचं वाक्य आधी ठरवून ठेवते.

लोक आवाजावरून ओळखतात.
पोस्टातले शिंत्रे म्हणाले,
तुम्ही टीव्हीवर उंच वाटायचात.
(खोक्यावर उभी राहायचे. मिळेल त्या.)

त्या वादळाच्या तिसऱ्या दिवशी तो मासळीचा होता,
इथल्याच किनाऱ्यावर, बर्फाचं पाणी गळत असलेला.
'जलकन्या' परतली नव्हती. सात माणसं.
पाजपंढरीची भीमा चोगले
दोन रात्री जागची हलली नव्हती,
नजर सुवर्णदुर्गाच्या पलीकडे.
मी तिला खांद्याला धरून वळवलं.
इकडे बघा. कॅमेऱ्याकडे.
मऊ आवाजात. तो आवाज मला यायचा.
आणि विचारलं ते,
जे आम्ही विचारतो.

ती उत्तर शोधत होती.
इक्बालने डावा हात वर केला.
मला वाटलं, वेळ संपली म्हणतोय.
मी बोलत राहिले,
अद्याप कोणताही ठावठिकाणा नाही,
प्रशासनाचे शर्थीचे प्रयत्न,
आणि माझ्या खांद्याच्या थोडं वर,
किल्ल्याच्या कडेने
एक होडी येत होती.
साऱ्या राज्याने पाहिली.
नागपुरात जेवत बसलेल्यांनी
हातातला घास तसाच धरून पाहिली.
आम्हा दोघींना सोडून सगळ्यांनी.

सहा उतरले.

तिने मला काहीच म्हटलं नाही. ती पाण्यात शिरली,
गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत,
आणि सहा जणांना पुन्हा मोजलं.

त्या बातमीला पुरस्कार मिळाला.
ढाल होती, पितळेची, माळ्यावर कुठेतरी असेल.
कॅमेरामन इक्बाल मुकादमसह मी ललिता बांदिवडेकर:
नाव त्याचं आधी, पण 'सह' लावून.
गेल्या वर्षी तो गेला तेव्हा मला कळलं
की त्याने पाहिलेलं
मी कधी त्याला विचारलंच नाही.
प्रश्न विचारणं हे तर माझं पोट होतं.

भीमा अजून लिलावाला बसते.
दोन महिने मी लांबून जात होते,
पापलेटचा भाव दुसरीकडे विचारत.
काल तिनेच हाक मारली.
"गो बाय, ऊन जातंय डोल्यांत तुझ्या."
आणि खांद्याला धरून वळवलं मला,
पालथ्या टोपलीवर बसवलं,
समुद्राकडे पाठ.

तिला आठवत होतं की नव्हतं,
हात नेहमीसारखा होता, खवल्यांचा, ओला.
मी विचारलं नाही.
एवढं एक उशिरा जमायला लागलंय.

ती बांगडे मोजत होती. मध्येच मान वर केली,
कपाळावर आडवा हात धरला.
"होडी येतेय," म्हणाली, माझ्या मागे बघत.
मी वळले नाही.
कुणाची? तोंडातून गेलंच.
"दिसूंदे तरी आधी."