वजन

मेनच्या टोकाला आमचं पोस्ट,
मागे खाडी, पुढे मीठ टाकलेला रस्ता.
लोव्हिना बीलनं काट्यावर गठ्ठा ठेवला
नोव्हेंबरात, एका मंगळवारी, ओहोटी लागायच्या आत.
सहा पौंड चौदा औंस.
माझा नातू जन्मला तेव्हा एवढाच होता,
मी म्हटलं. ती हसली नाही.
"एक लाख बाहत्तर हजार शब्द," म्हणाली,
"अकरा हिवाळे."

मार्चमध्ये उत्तर आलं.
पातळ पाकीट मला बोटांनीच कळतं.
तिनं काउंटरवरच फोडलं, आमिषाचा वास लागलेल्या हातांनी,
आणि मोठ्यानं वाचलं, जणू हवामानाचा अंदाज:
पहिलंच पुस्तक, अनोळखी नाव,
नव्वद हजार चालतील,
फार तर लाखापर्यंत ओढता येईल,
त्यापुढचं कुणी उघडूनही बघत नाही.

मग खिशातून पितळी माप काढून
तिनं माझ्या तिकिटांशेजारी ठेवलं.
"सव्वातीन इंचांच्या आतली शेवंड पाण्यात परत.
पाच इंचांवरची, तीही परत.
आज्यानं मला हे आधी शिकवलं, पोहणं नंतर.
एवढी मोठी का सोडायची, विचारलं मी.
म्हणाला, पुढची सगळी तिच्याच पोटात आहेत."
मी कुठल्याशा पाकिटावर शिक्का मारला.
दोनदा बसला.

त्या वर्षी खाडीपलीकडे तिच्या स्वयंपाकघरातला दिवा
पहाटे दोनपर्यंत.
दुकानातून तिनं तीनदा लाल पेन्सिली नेल्या.
तिचा भाऊ हॉलिस पेट्रोल भरताना सांगायचा,
काल वादळ गेलं, अख्खं.
बापाचं दफन तीन ओळींत बसवलं,
आता आई एकदाच खोकते.
बोलताना तो हसायचा, पण नळी हातात तशीच,
पेट्रोल बुटांवर.

ऑक्टोबरात ती परत आली. दोरीही जुनीच,
फक्त एक वेढा जास्त बसला होता.
तीन पौंड बारा औंस.
"चौऱ्याण्णव हजार," ती म्हणाली,
आणि सुटे पैसे शोधता शोधता,
माझ्याकडे न बघता:
"तू होतीस यात. चौथ्या प्रकरणात. गेलीस."

मी?
"पोस्टातली बाई. चाळीस पानं."
करत काय होते मी?
"वाट बघायचीस."
कुणाची?
तिनं नाणी मोजून दिली, पाच सेंट जास्तच.
"ते चाळीस पानांत मलाही कळलं नाही," म्हणाली,
"म्हणून तर."

दार लागलं. घंटी बराच वेळ हलत राहिली.

साडेचारला दिवे मालवायच्या आधी
मी प्रिंटरमधून चाळीस कोरे कागद मोजून घेतले,
काट्यावर ठेवले.
साडेसहा औंसांच्या जरा आत.
कुठेही पाठवायला लागेल तेवढं तिकीट
मला तोंडपाठ आहे.
उभी राहिले थोडी.
मग ते ट्रेमध्ये परत सोडले,
पाण्यात सोडतात तसे, सावकाश,
शेपटीकडून.