त्याने त्याचा हात धरला

सदतीस वर्षं मुद्रितं तपासली नारायण पेठेत,
पंचांगं, पाठ्यपुस्तकं, सहकारी बँकांचे अहवाल.
आता डोळ्यांत थेंब, वाचायला महिनाभर बंदी,
म्हणून ऐकतो.
दापोडी ते शिवाजीनगर, मेट्रोत, इअरफोन लावून,
दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या.
शेजारच्या बाईंना वाटतं भजन असणार,
कारण डोळे मिटलेले.

मतं आहेत माझी. कोणी विचारत नाही, तरी आहेत.

वाचणारा एकच आणि पात्रं दोन,
तर दुसऱ्याला तो नाकातून बोलायला लावतो.
का रे बाबा?
आम्ही दोघंही घोगरे आहोत.
सकाळी चहाआधी तर कळत नाही
खोकला कोणाचा.

आणि हे नायक! एकाचा द्राक्षांचा मळा, दुसरा शल्यविशारद,
पोटं सपाट, घर समुद्राकाठी.
तीनशे पानांत एकदाही सिलिंडर संपत नाही.
इस्पितळाच्या कागदावर "रुग्णाशी नातं" असा रकाना असतो,
तिथे काय लिहिलं त्यांनी, ते सांगा ना.
चुंबनं मी मोजली, अकरा.
रकाना एकही नाही.

जुन्या बऱ्या होत्या म्हणतात, त्यांत खोली होती.
खोली होती खरी. दार नव्हतं तिला.
शेवटच्या प्रकरणात एक जण नदीत,
नाहीतर बोहल्यावर.
चाळिशीपर्यंत मी तेवढंच वाचलं,
आणि दर वेळी शेवटचा फर्मा
न तपासता परत धाडावासा वाटला.
म्हणून आता मला शेवट गोडच लागतो.
साखर थोडी जास्त झाली तरी चालेल,
माझी तशीही वाढलेली आहे.

मराठीतही एकदा आली होती अशी कादंबरी, माझ्या टेबलावर.
ब्याण्णव साल. अनुवाद. फर्मा सातवा.
"त्याने त्याचा हात धरला."
मी समासात लिहिलं, कोणी? कोणाचा?
अनुवादकाचं उत्तर आलं नाही,
पुढे प्रकाशकाने पुस्तकच गुंडाळलं.
त्या वाक्याला दोन "तो" पेलत नव्हते.
एक "ती" असती, तर व्याकरण सुखाने नांदलं असतं.
माझी शंका बरोबर होती.
तिचंच वाईट वाटतं.

रात्री शांतवन वाचून दाखवतो.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
हात अजून सावध,
पान उलटतो ते जणू फुटेल म्हणून.
वाचतो वाईट. स्वल्पविराम गिळतो,
इंग्रजीचं जागच्या जागी मराठी करतो
आणि सूर लागतो तो रविवारच्या उपासनेचा.
शेजघराचा प्रसंग आला की घसा खाकरून
"पुढे दोन पानं त्यांचं बरं चाललंय" एवढंच सांगतो,
आणि ती दोन पानं मनातल्या मनात
सावकाश वाचत बसतो, लबाड.
मी ओरडतो, अरे, पुस्तकाला पैसे दोघांचे लागलेत!

काल ते वाक्य पुन्हा आलं.
दुसरंच पुस्तक, दुसरेच दोघं.
"त्याने त्याचा हात धरला," शांतवन म्हणाला, आणि थांबला.
कोणी कोणाचा, मी विचारलं. सवय.
"मागे जाऊन बघू का?"
नको म्हटलं.

थेंबांची वेळ झाली होती.
त्याने खूण म्हणून पानात विजेचं बिल घातलं,
माझी मान मागे केली,
दोन बोटांनी डावी पापणी उघडली.
वर छत, पंखा, त्याची हनुवटी,
सगळं एकमेकांत मिसळलेलं.
ब्याण्णवचा तो फर्मा कधीच रद्दीत गेला असेल.
नसेल गेला, तर समासातलं माझं प्रश्नचिन्ह
कोणीतरी खोडा,
आणि वर लिहा, आहे तसं राहू द्या.

"हलू नकोस," शांतवन म्हणाला.
"आता उजवा."