एका इंचाला एक मैल

नकाशाघराची किल्ली माझ्याकडे असते.
भूगोल विभाग, तळमजला, ओल धरलेली भिंत,
खालून तिसऱ्या खणात तो कागद:
कापडावर डकवलेला, घडीच्या जागी विरलेला.

काकतीचा डोंगर त्यावर तपकिरी रेघांनी
अंगठ्याच्या ठशासारखा उमटलाय.
मार्कंडेय बारीक निळी, उन्हाळ्यात असते तशी.
विद्यापीठ नाही. झेरॉक्सची दुकानं नाहीत,
कॉट बेसिसच्या खोल्या नाहीत.
हमरस्त्याच्या जागी तुटक तुटक गाडीवाट,
आणि जिथं आता कुलगुरूंची मोटार लागते
तिथं खुरट्या झुडपांची खूण.

मोजणीवाल्यानं कुणाला तरी विचारलं असणार,
ह्या उंचवट्याला काय म्हणता?
एक म्हणाला असेल मड्डी, दुसरा गुड्डा.
त्यानं दोन्ही ऐकलं, लिहिलं तिसरंच.
ते नाव अजून कुणाला उच्चारता येत नाही.

समासात साहेबाचं नाव आहे. साखळी ओढणाऱ्यांची नाहीत.
हद्द म्हणून जी रेघ आहे ती नुसती तालुक्याची.
जिच्यापायी माझा थोरला भाऊ
बारा दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात बसला
ती ह्या कागदावर कुठंच नाही.
मी भिंग लावून बघितलंय.

काल दानेश्वरी आली, गोकाककडची, एम.ए. दुसरं वर्ष.
वसतिगृहाच्या तळघरात दर आषाढात गुडघाभर पाणी.
कंत्राटदार म्हणतो पाइप फुटला,
वॉर्डनबाई म्हणतात पोरी नळ बंद करत नाहीत.
ती कन्नडात विचारत गेली, मी मराठीत सांगत गेलो,
मधेच कधीतरी तिची मराठी निघाली, माझं कन्नड.
कागद पसरला. चार कोपऱ्यांवर
पंचिंग मशीन, माझा चष्मा, तिचा डबा, तिचा मोबाइल.
बसवण्णाच्या देवळापासून तिनं पट्टी धरली,
सरकवत आणली, थांबली.
नखाएवढं निळं.

'केरे,' ती म्हणाली.
'तळं,' मी म्हणालो.
मग बराच वेळ ती आपल्या चपलांकडे बघत राहिली.
ओल्या होत्या.

तळं तिथं संपत नाही, कागद संपतो.
उरलेलं पुढच्या शीटवर,
पाणी अजून कुठवर यायचंय तेही तिथंच असणार.
ती शीट आमच्याकडे नाही.
रजिस्टरात तिच्यासमोर 'गहाळ' लिहिलंय, साल घालून,
माझ्याच अक्षरात.