फक्त आकडे

वसमतच्या मोंढ्यात, आडत दुकान नंबर अठरा.
कीबोर्डावरचे पाच, शून्य आणि दोन पिवळे पडलेत,
अक्षरांची बटणं अजून कोरी काळी.
इथं काय लिहिलं जातं ते हळदीनंच सांगितलं.

मी नांदेडहून प्रोग्रॅम बसवायला आले होते.
वजनाच्या चौकटीवर पहारा मीच लावलेला:
शून्य ते नऊ आत, टिंब एकदाच,
बाकी काही दाबलं तर काहीच व्हायचं नाही.
आवाज नाही, लाल रेघ नाही.
बंद आहे एवढंसुद्धा दाराने सांगायचं नाही.
लिहिताना ते मला फार नेटकं वाटलं होतं.

लतीफ मुनीम चष्मा खाली ओढून बसले.
काट्यावरून हमालाची हाक आली, "पावणेतीन!"
त्यांनी पावणेचा प दाबला.
चौकट रिकामी.
पुन्हा दाबला, जरा जोराने,
बहिऱ्या माणसाला दुसऱ्यांदा विचारावं तसा.
मग उठले, मागच्या हौदावर गेले,
साबण लावून बोटं घासली, नखं घासली,
रुमालाला हात पुसत परत आले.
"हळदीच्या हातानं घेईना गेलं आसंल."

मी स्क्रीनकडेच बघत राहिले.

दुपारी निराळंच.
सदुसष्ट म्हटलं की आधी सातच ऐकू येतो,
म्हणून ते सात आधी मांडतात,
डावीकडे सहाला जागा सोडून; वहीतली चाळीस वर्षांची सवय.
पण कुठलंही बटण दाबलं की माझा प्रोग्रॅम
स्वल्पविराम नीट बसवायला धावतो
आणि कर्सर टोकाला जाऊन उभा.
सदुसष्ट कट्ट्यांचे शहात्तर झाले.
नऊ कट्टे हळद मी कुठून आणू?

रात्री लॉजवर, डासांच्या अगरबत्तीत, पहारा उठवला.
लिहा काय लिहायचं ते,
चौकट सोडून जाताना विचारीन.
सव्वा, दीड, अडीच यांना आकड्यांत घेतलं,
देवनागरी पाचाला इंग्रजी पाचाशेजारी बसवलं,
हजाराच्या पुढे दोन-दोन घरं,
कर्सर जिथं होता तिथंच.

सकाळी 'पावणेतीन' लिहून ते पुढच्या चौकटीत गेले.
मागे २.७५ उमटलं.
त्यांनी मान हलवली, जमा बरोबर आली की हलवतात तेवढीच.
मग जुनी लाल वही उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.
कोंडाबाई गव्हाणे. वजनाच्या रकान्यात: राहू द्या.
"याचं काय करता, बाई?
वजन केलंच न्हाई त्या साली. पन आली व्हती ती."

शून्य टाका, म्हटलं.
"शून्य म्हंजे आली न्हाई."
मग कोरं सोडा.
"कोरं म्हंजे मी इसरलो."

कर्सर लुकलुकत होता.
काट्यावर पुढचं पोतं चढलं,
हमालाने आकडा ओरडून सांगितला,
आणि आमच्या दोघांपैकी कुणीच तो लिहून घेतला नाही.