तीनशे मोजेपर्यंत

धोंडीराम कुदळ्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत,
म्हणून यांचं नाव धोंडा.
एकतीस वर्षं ते धोंडेच विरघळवतायत,
लॉ कॉलेज रोडमागच्या आमच्या प्रयोगशाळेत,
कोपरापर्यंत रबरी हातमोजे.

"मॅडम, दगड गेला. आता तुमचं बघा."

आम्लाला जे खाता आलं नाही
तेवढंच माझ्या काचपट्टीवर येतं:
पिवळट, चुरगळलेले परागकण.
ज्या झाडांचे, त्यांना नाव ठेवायलाही
तेव्हा कोणी नव्हतं.

एकशे अकरा. एकशे बारा.
थांब. हा तीन शिंगांचा
मला मागच्या मंगळवारी भेटलाय,
नागपूरकडच्या एका विहिरीच्या चिखलदगडात.
आजचा नमुना जबलपूरचा.
म्हणजे दोन्ही थर एका वयाचे,
चारपाच लाख वर्षं इकडेतिकडे.
आमच्यात ह्याला जवळपास म्हणतात.

दोनशे सत्तरनंतर मधेच एक टवटवीत,
सोळा कणांचा गठ्ठा:
खिडकीबाहेरचा शिरीष.
नियमाने हा धरायचा नाही.
तरी वहीच्या कडेला लिहिते,
बाहेरचा, एक,
आणि शिंकते.

धोंडीराम उठून खिडकी लावतात.

दोनशे एक्काहत्तर.